काढून घेतलेला शुक्रवार

दिवाळीचे कंदील उतरले की भिवंडीच्या कामतघर भागातल्या माझ्या तबल्याच्या क्लासात परीक्षा येऊन बसते. फॉर्म भरायचे, फोटो चिकटवायचे, कुणाच्या जन्मतारखेत घोळ, कुणाच्या आडनावात. टेबलावर डिंकाची बाटली, शेजारी हाताला लावायच्या पावडरचा डबा, आणि खोलीभर त्या पावडरचा, तबल्याच्या चामड्याचा आणि मुलांच्या डब्यातल्या उरल्यासुरल्या चिवड्याचा मिळून झालेला एक वास. हा वास आला की मुलांना पास होण्याची काळजी लागते. मला एक मुलगी आठवते, जी या परीक्षेत नापास झाली. निकाल परीक्षकांनी लिहिला असेल, पण तिला नापास मी केलं.

तीस वर्षं मी तबला शिकवते. दिवसा शाळेत मराठी, संध्याकाळी घराच्या वरच्या खोलीत तबला. सगळं कामतघर मला 'तबल्याच्या बाई' म्हणूनच ओळखतं; ज्यांना मी शाळेत इमानेइतबारे व्याकरण शिकवलं, तेसुद्धा. खोलीची मागची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला लागून आहे. बाहेरचा माणूस आला की पाच मिनिटांत कपाळ धरतो. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. वीज गेली आणि लूम थांबले की मात्र आम्ही दचकून एकमेकांकडे बघतो.

या आवाजाचा मी उपयोग करून घेतला. नव्या मुलाचा हात लयीत बसत नसला की मी त्याला मागच्या भिंतीला पाठ लावून बसवायचे आणि सांगायचे, "लूमला धरून वाजव." खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. भिंतीतून ती लय पाठीच्या कण्यात शिरायची आणि हात आपोआप तिच्याबरोबर पळायला लागायचे. भिवंडीबाहेरच्या कुठल्या क्लासात हे जमलं असतं? मला केवढा अभिमान होता त्याचा! पाहुणे आले की मुद्दाम दाखवायचे. आणि एखादं पोर थकून हात झटकायला लागलं की मी भिंतीवर थाप मारायचे. "तो थकला का? मग तुला काय झालं?" मुलं हसायची, मीही हसायचे. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या मुलीला, वैशालीला, तिची मावशी घेऊन आली. मावशी त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. वैशालीचं घर अंबाडी गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एका पाड्यावर. आईबाप स्वतःचं चिमूटभर भात पिकवून उरलेले दिवस मजुरीला जाणारे. अकरावीसाठी ती मावशीकडे राहायला आली होती. मावशी दारातूनच म्हणाली, "बाई, हिला काय तां वाजवाया शिकवा. घरातली ताटां, डबं, काय सोडत न्हाय. शेजारीन रोज भांडाया येते."

वैशू सोळा वर्षांची होती. सडपातळ, लांब बोटांची, बोलायला लाजणारी. पहिल्या दिवशी मी एक बोल दाखवला. तिने तो जसाच्या तसा काढला आणि हातून काहीतरी फुटल्यासारखं घाबरून माझ्याकडे बघितलं. अशी बोटं शिक्षकाला आयुष्यात एकदा मिळतात. आणि तिथेच माझी नियत फिरली. तोवर मी मुलांना शिकवत होते. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की कुणीतरी हिचं वाजवणं ऐकून विचारावं, ही कुणाकडे शिकते? तबला तिला हवा होता. शाबासकी मला हवी होती. तेव्हा मात्र मी या दोन्हींना एकच नाव दिलं होतं: रियाज.

सकाळी पाचला ती यायची. मी अर्धवट झोपेत चहा ठेवायचे आणि ती भिंतीला पाठ लावून सुरू व्हायची. मग कॉलेज, मग मावशीकडचं पाणी-भांडी, आणि संध्याकाळी पुन्हा क्लास. बाकीची मुलं घरी गेली तरी ती वाजवतच असायची. केव्हातरी हात झटकत म्हणायची, "बाई, हात दुखतंय." मी म्हणायचे, "दुखतंय म्हणजे येतंय." हे वाक्य माझं नव्हे, अप्पांचं. अप्पा म्हणजे माझे वडील. नगरपालिकेत कारकून होते आणि माझे पहिले गुरूही तेच. त्यांच्या हाताखाली मी रडत शिकले, आणि रडले म्हणूनच शिकले, अशी माझी पक्की समजूत होती. वैशूला मी बामची बाटली दिली होती. मनगटाला चोळायची आणि पुन्हा बसायचं. त्या बाटलीचं मला किती कौतुक वाटायचं! आपण मुलीची किती काळजी घेतो, असं.

शुक्रवारी आमच्या भिवंडीत लूम बंद असतात. शेजारच्या कारखान्याचे मास्टर सलीमभाई सकाळी मशिनींना तेल द्यायचे, पट्टे तपासायचे आणि मग अंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून नमाजला निघायचे. क्लासलाही शुक्रवारी सुट्टी, कारण लूमच नाहीत तर धरून वाजवायचं कशाला? वैशूच्या कॉलेजलाही शुक्रवारचीच सुट्टी होती. गुरुवारी संध्याकाळचा क्लास झाला की ती पळत जाऊन अंबाडीची गाडी पकडायची. शुक्रवारचा अख्खा दिवस आईजवळ. शनिवारी उजाडता उजाडता परत. केसांना ताज्या तेलाचा वास, डब्यात तांदळाची भाकरी, आणि चेहरा असा की आठवड्यात दुसऱ्या कुठल्याही दिवशी तसा दिसायचा नाही.

आणि शनिवारी एक गंमत व्हायची. गुरुवारी दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, 'तिरकिट' अडकून बसलेलं असायचं. बोटं एकमेकांच्या पायात पाय घालायची, मी ओरडायचे, ती रडायची, आणि ते तसंच सोडून ती गाडीला पळायची. शनिवारी तबल्यावर हात ठेवला की तेच 'तिरकिट' स्वच्छ यायचं. सुटं सुटं, टपोरं. तिला स्वतःलाच नवल वाटायचं. "बाई, काल म्या हात पन न्हाय लावला. आईशप्पथ!" मी ऐटीत म्हणायचे, "गुरुवारी घासून घेतलं ना मी? त्याचं फळ आहे हे."

एकदा नव्हे, हे मी दर शनिवारी ऐकत होते. तीस वर्षं आवाज पारखण्यात घालवलेला हा कान, आणि त्याला एवढं साधं कळू नये?

कळलं दोन वर्षांपूर्वी, आणि तेही माझाच उजवा हात बधिर व्हायला लागला म्हणून. ठाण्याला मेंदू आणि नसांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची बाई. मी तबला शिकवते म्हटल्यावर ती खुर्ची पुढे ओढून बसली. लहानपणी ती पेटी शिकायची आणि शिकवणाऱ्या बाईंच्या धाकाने सोडून दिली होती. हाताचं झाल्यावर मी सहज तिला शनिवारची गंमत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "गंमत कसली, मेंदूचं कामच तसं चालतं. वाजवताना शिकणं सुरू होतं, पण पक्कं होतं ते थांबल्यावर. पाच मिनिटं गप्प बसलं तरी होतं थोडं, आणि झोपेत तर सगळ्यात जास्त. तुमची ती मुलगी शुक्रवारी आईजवळ झोपत होती ना, तेव्हा तिचा रियाज चालू होता."

मी भिवंडीची, मला ते गोडाऊनसारखं कळलं. ट्रकमधून माल उतरवणं म्हणजे काही माल लावणं नव्हे. एकामागून एक ट्रक आणून उभे केले आणि आतल्या माणसांना रॅकवर लावायला उसंतच दिली नाही, तर सगळं दारातच पडून राहतं, तुडवलं जातं. मी नुसते ट्रक आणत होते.

आता त्या नोव्हेंबरकडे यायलाच हवं. सात वर्षं झाली. वैशू बारावीला होती आणि मी तिला मध्यमेच्या परीक्षेला बसवलं होतं. दीड वर्षात तिने जे गाठलं होतं, त्याला बाकीच्यांना पाच लागतात. हवेत गारवा आलेला, अंबाडीकडे भात कापणीला आलेलं. परीक्षेला पाच आठवडे उरले होते. मी कॅलेंडरसमोर उभी राहिले, एकेक शुक्रवारवर पेनने फुली मारली आणि तिला सांगितलं, "परीक्षा होईपर्यंत गावी जायचं नाही. शुक्रवारी दिवसभर इथे बसायचं." मी वर म्हणाले, "आणि भात कापून बोटं राठ करून घ्यायची नाहीत. ही बोटं विळा धरायला नाहीत." तिच्या आईबापाचे हात विळा धरणारेच होते, हे त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही. जिभेला हाड नाही म्हणतात ते उगीच नाही.

पहिल्याच शुक्रवारी पंचाईत झाली. लूम बंद. शांततेत वैशूची लय डळमळायला लागली, पळायला लागली. मी खिडकीतून सलीमभाईंना हाक मारली. म्हटलं, एखादा लूम तासभर चालू ठेवता येईल का, मुलीच्या परीक्षेसाठी? ते हातातली तेलाची झारी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, जुम्मे को कैसे चलेगा? आज मशीन का आराम है. छह दिन चलता है, एक दिन तेल-पानी न दो तो शाफ्ट ही टूट जाता है." मी खिडकी लावून घेतली. मोबाईलवर लूमचा आवाज भरून ठेवलेला होता, तो लावला. यंत्राला सुट्टी होती, पण यंत्राच्या आवाजाला मी सुट्टी दिली नाही, आणि त्या आवाजाला धरून वाजवणाऱ्या मुलीलाही नाही.

दुसऱ्या शुक्रवारनंतर तिचे वडील आले. खाली दारातच उभे राहिले, वर या म्हटलं तरी येईनात. पायाला शेतातला चिखल वाळलेला. म्हणाले, "बाई, पोरीला धाडा ना शुक्रवारची. कामाला न्हाय हो, कापाया मानसां हायेत. तिची आय वाट बघते. जेवन झाकून ठेवते." मी शाळेतल्या पालकसभेतला आवाज काढला. म्हटलं, "दोन शुक्रवार गेले, तीनच राहिलेत आता. पोरीचं भलं हवंय ना तुम्हाला?" त्यांनी मान डोलावली. आमच्यासारख्यांपुढे डोलावतात तशी. जाताना एक पिशवी ठेवून गेले, नव्या तांदळाची. तो तांदूळ मी खाल्ला. आवडीने खाल्ला.

तिसऱ्या आठवड्यापासून शनिवारची गंमत बंद झाली. शनिवारही गुरुवारसारखाच यायला लागला, आणि गुरुवार आदल्या गुरुवारपेक्षा वाईट. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट, अनामिका, वाजवता वाजवता हळूच आत वळायचं. ती डाव्या हाताने ते सरळ करायची आणि पुढे वाजवायची. मला वाटलं आळस. मला वाटलं नखरे. मावशी एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, ही निजते तवा पन बोटां हलवते." मी खूश झाले. पोरीने किती मनावर घेतलंय, असं मला वाटलं.

परीक्षेचं केंद्र कल्याणला, एका शाळेत होतं. रविवार, म्हणून शाळा चिडीचूप. मी वर्गाबाहेर बाकावर बसले होते. आत पेटीवर लेहरा, म्हणजे साथीची फिरती धून, सुरू झाला आणि मला एकदम जाणवलं की इथे भिंत गप्प आहे. वैशूने सुरुवातीचं उठान घेतलं, मग कायदा, म्हणजे विस्ताराची रचना, सुरू केला. सुंदर. मी डोळे मिटले. दुगुण आली आणि 'तिरकिट'शी ती थांबली. लेहरा एकटाच पुढे गेला. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा आतून परीक्षकांचा आवाज आला, "बाळ, पाणी पी. घाई नाही." घाई नाही, हे शब्द तिने तबल्याच्या संदर्भात बहुधा पहिल्यांदाच ऐकले असतील. मग दार उघडलं. उजवा हात ओढणीत गुंडाळून ती बाहेर आली.

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. बाहेर दहा-बारा मुलं होती, त्यांचे पालक होते. त्या सगळ्यांदेखत मी तिला म्हणाले, "एवढा जीव ओतला तुझ्यावर, आणि माझंच नाव घालवलंस." तिने मान खाली घातली. "चुकलं बाई," म्हणाली. ती म्हणाली, चुकलं. मी नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला मी चहा ठेवला. ती आली नाही. आठवड्याने मावशी माझा तबला-डग्गा परत घेऊन आली, जो मी वैशूला घरी वाजवायला दिला होता. गवसण्या धुऊन, घड्या घालून आणल्या होत्या. हातोडीसुद्धा फडक्यात बांधून. मी मावशीला काही विचारलं नाही. मला राग आलेला होता, आणि रागाच्या खाली काय आहे ते उकरायचं नव्हतं. पुढच्या वर्षी मी नव्या मुलांना भिंतीला पाठ लावून बसवलं आणि म्हटलं, लूमला धरून वाजवा.

डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की त्याच मुलीचं बोट नंतर वळायला लागलं, फक्त तबल्यावर. तिने लगेच विचारलं, "बाकीच्या कामात हात नीट चालायचा?" मी म्हटलं, "हो." "मग हातात दोष नव्हता. मेंदूत प्रत्येक बोटाची आपली आपली जागा असते. विश्रांती न देता, दुखत असताना, तेच ते वेगाने करत राहिलं की काही जणांच्या मेंदूत त्या जागा एकमेकींत मिसळतात. एका बोटाला निरोप धाडला की शेजारचंही उठतं." मला चाळ आठवली. खोल्याखोल्यांमधल्या भिंतीच पडल्या तर हाक कुणाला आणि ओ कोण देणार? "जिद्द कमी पडली म्हणून होत नाही हे," ती म्हणाली. "उलट फार जिद्दीच्या माणसांनाच होतं. धीराने, हळूहळू, पहिल्यापासून शिकवलं तर पुष्कळदा सुधारतंही. ती मुलगी कुठे असते आता?"

पाच वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्याकडे एक गोष्ट होती, जी वैशूला माहीत नव्हती आणि जी तिचीच होती: तिचं काही चुकलं नव्हतं. ही गोष्ट घेऊन मी घरी आले आणि दोन नोव्हेंबर ती कपाटात ठेवल्यासारखी ठेवून दिली. कधी शाळेच्या परीक्षा, कधी गुडघे, कधी घरचं लग्न. कारणांना काय तोटा! खरं कारण एकच, मला भीती वाटत होती. तिने शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. ती पुन्हा 'चुकलं बाई' म्हणाली तर काय करायचं?

अप्पा मात्र अधूनमधून आठवत राहिले, पण वेगळेच. दुपारचा रियाज झाला की ते तबल्यावर गवसणी चढवायचे, पंखा लावायचे आणि मला म्हणायचे, "चल, पड आता." स्वतःही शेजारी आडवे व्हायचे. तासभर घर घोरायचं. उठल्यावर ते मला केळं द्यायचे आणि मगच पुन्हा तबल्याला हात लावू द्यायचे. ही झोप रोजची होती. ओरडा आठवड्यातून एखाद्या वेळचा. पण मी आयुष्यभर ओरडाच लक्षात ठेवला, आणि पुढे वाटला तोही ओरडाच. अप्पांचं अर्धंच शिकवणं मी शिष्यांपर्यंत पोचवलं, आणि तेही चुकीचं अर्धं.

आता माझ्या क्लासात कुकरशेजारचं घड्याळ आणून ठेवलंय. वीस मिनिटं झाली की ते किणकिणतं, आणि मुलं हात सोडून गॅलरीत जातात. चणे खातात, खाली रिक्षावाल्यांची भांडणं बघतात, परत येतात. एक पालक परवा म्हणाले, "बाई, मुलगा सांगतो क्लासात नुसतं गॅलरीत बसवतात!" मी म्हटलं, "हो, तेवढ्यात त्याचा कायदा पाठ होतो." त्यांना माझं डोकं फिरलंय असं वाटलं असणार. कुणी 'दुखतंय' म्हटलं की त्या दिवशी हात बंद, नुसती तोंडाने पढंत. भिंतीला पाठ लावून कुणाला बसवत नाही. शुक्रवारी कुलूप. हे सगळं करताना मला फार चांगलं वाटतं, आणि चांगलं वाटलं की लगेच लाज वाटते. वैशूच्या हातावर शिकून मी इतरांची चांगली बाई झाले.

या वर्षी फॉर्म भरताना एका मुलीचं नाव वैशाली निघालं. आडनाव वेगळं, गाव वेगळं, पण माझं पेन थांबलं ते थांबलंच. त्याच संध्याकाळी मी कारखान्याच्या दाराशी उभी राहिले. मावशी अजून तिथेच कांड्या भरते, केस सगळे पांढरे झालेत. "वैशू ना? पूर्ण्याला गोडाऊनला हाय कामाला. शुक्रवारची घरी असते." पत्ता मला ठाऊक होताच, सात वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर मीच लिहिला होता.

गेल्या शुक्रवारी अंबाडीला उतरले आणि रिक्षाने पाड्यापर्यंत गेले. भात कापून झालेलं. खळ्यावर झोडणी चालली होती. वैशू एकेक पेंढी उचलून फळीवर आपटत होती, धप्, मग जरा थांबून पेंढी हलवायची, मग पुन्हा धप्. मी थोडा वेळ लांबूनच ऐकत राहिले. काय लय होती! मधल्या जागेसकट. मग तिने मला पाहिलं आणि पेंढी खाली ठेवली. "बाई? तुमी?"

तिने खाट ओढली, पाणी दिलं. तिची आई गुळाचा चहा घेऊन आली आणि समोर जमिनीवर बसली. वैशू आता भरली होती, मोठी बाई दिसत होती. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आज ड्युटी नाही?"

"शुक्रवार ना बाई. लागले तवा सुपरवायझरनी इचारलं, हप्त्याची सुट्टी कंची पायजे. सगल्यांनी रविवार मागितला. मी शुक्रवार घेतला." मग कपातल्या चहावर फुंकर घालत म्हणाली, "चांगलं हाय तिथं. दोन-दोन तासांनी ब्रेक असतो. शिट्टी झाली का हातातलं ठेवायचं, कोन काय बोलत न्हाय."

तिला टोमणा मारायचा नव्हता. तो तिचा स्वभावच नाही. मी मात्र कप खाली ठेवला.

मी सांगून टाकलं. शनिवारच्या गमतीचं, झोपेचं, बोटांच्या मिसळलेल्या जागांचं. डॉक्टरीण काय म्हणाली तेही, आणि हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं हेही. शेवटी म्हटलं, "वैशू, त्या दिवशी तू चुकली नव्हतीस. मी चुकले. तुझा शुक्रवार मी काढून घेतला, आणि वर तुलाच बोलले. सगळ्यांदेखत."

तिने पेंढीतली एक काडी मोडली. मग म्हणाली, "म्हंजे मी कमी न्हवती?"

"नाही गं. तू कमी नव्हतीस."

"मी आयला सांगितलेलं, माज्यात दम न्हाय म्हनून सुटलं." ती आईकडे वळली. "आय, ऐकलास?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. "मना ठावं व्हतं," एवढंच म्हणाली, आणि कप गोळा करायला लागली.

मग वैशूने आतून एक पातेलं आणलं आणि मांडीवर पालथं ठेवलं. "बघा बाई. विळा धरते, स्कॅनर धरते, मोबाईल चालवते. पन ह्या असं ठेवलं का..." तिने हात तबल्यावर ठेवतात तसा पातेल्यावर ठेवला. अनामिका हळूहळू, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी, आत वळली. सात वर्षांनी मी ते बोट पुन्हा पाहिलं. तेव्हा मला त्यात नखरे दिसले होते.

"म्हणजे तुम्ही अजून..." मी म्हटलं. घाबरून मी तिला तुम्ही म्हणाले. "अजून ठेवून बघतेस हात?"

"कवातरी. आवाज ऐकाया."

माझ्यातली तीस वर्षं शिकवणारी बाई एकदम जागी झाली. मी म्हटलं, "ये माझ्याकडे. अगदी पहिल्यापासून करू. दिवसाला पाच मिनिटं, एकच बोल, दुखलं की बंद. डॉक्टरकडेही मी नेते. परीक्षा नाही, काही नाही. क्लास बंद असतो त्या दिवशी ये, लूमही बंद असतात, अगदी शांत असतं. शुक्रवारी ये."

बोलून झाल्यावर मी आनंदाने तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. आईचे हात कपांवर थांबले होते. तेव्हा कुठे माझ्या कानांनी मी काय बोलले ते ऐकलं. इतकी वर्षं ज्याचा रियाज केला तेच तोंडातून निघालं, एकदम सफाईने.

मला वाटलं, आता ती मान डोलावेल. बापासारखी.

"शुक्रवार सोडून, बाई," वैशू म्हणाली.

आवाज हळूच होता, पण डळमळला नाही. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच नाही म्हटलं. मी हात जोडले की नुसती मान हलवली, ते आता नीट आठवत नाही. ती उठली, पेंढी उचलली आणि फळीवर आपटली, धप्. मग थांबली. मग पुन्हा.